म्हाताऱ्या हातांचं काम काढून घेऊ नका
(खामगाव येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, अध्यक्षांनी ‘सोपं बोला’ असा दम भरलाय. तेव्हा मेंदू, मज्जारज्जू, तिथून हातापर्यंत येणाऱ्या नसा, हे सगळं शाळेत झालंय असं धरून पुढे जातो. विसरलं असेल त्यांनी घरी नातवाला विचारावं. (हशा)

अंगठा तर्जनीला चिकटवून दाबा. दोन्हींच्या मध्ये, हाताच्या पाठीवर फुगवटा येतो तो एक स्नायू. पुढच्या रांगेतल्या काहींना तिथे खड्डा दिसेल. रागावू नका, माझ्याही हाताला आहे. १९५५ साली याची मोजदाद छापून आली: हा स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी सुमारे १२० आणि एकेकीच्या ताब्यात सरासरी ३४० स्नायुतंतू. पोटरीत एकेकीकडे १,९०० च्या वर. पोटरीला शरीर पेलायचं असतं, बोटांना सुई ओवायची असते.

साठीनंतर या पेशी गळू लागतात. पोरके तंतू वाळतात, नाहीतर शेजारची पेशी नवी फांदी फोडून त्यांना सांभाळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी निवृत्त होतात, जागा भरत नाहीत आणि उरलेले गुरुजी चार वर्ग सांभाळतात, तसं. (टाळ्या) टाळ्या कोणत्या रांगेतून आल्या ते कळलं! शाळा चालते, पण पोरागणिक लक्ष देता येत नाही. हाताचंही तेच. जोर बराच उरतो. हलका, मोजका जोर सारखा धरून ठेवायचा म्हटलं की तो कमीजास्त होतो. त्यात बोटांची जाणीव बोथटते, म्हणून कप गरजेपेक्षा घट्ट धरला जातो.

आता माझं मूळ म्हणणं. हात थरथरू लागला की घरचे मायेनं काम काढून घेतात. मोताळ्याकडच्या एका आजींची आधी विळी गेली, मग भाजी निवडणं. आजी म्हणाल्या, “काहून वं? माह्या हाताले काय झालं?” आणि त्यांनी लक्षवातींचा नेम धरला. घरचाच कापूस. सरकी हातानं काढायची, कापूस पिंजायचा, दुधाचं बोट लावून...

(महिलांमधून: “राख लागते, राख!”)

आमच्याकडे दूध. बरं, दोन्ही! पण फुलवातीचं टोक वळताना बघा. जोर जास्त झाला तर कापूस तुटतो, कमी झाला तर वात उलगडते. म्हाताऱ्या हाताला जे जड जातं, नेमकं तेच काम. खामगावच्या चांदीच्या कारागिरांना हे मी काय सांगावं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. नसांचा मंदावणारा वेग सोडून देतो. मागे डॉक्टरसाहेब हसताहेत. साहेब, वाती वळून मेलेल्या पेशी जिवंत होतात असं मी म्हटलेलं नाही! पण तर्जनीनं हलकं वजन सावकाश उचलण्याचा आणि खाली ठेवण्याचा काही आठवडे सराव केलेल्या वृद्धांचं बोट जास्त स्थिर झालं, हे प्रयोगांत दिसलंय. उरलेल्या पेशी शिकतात.

मात्र हात मांडीवर निवांत असतानाच थरथरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एका हातातली शक्ती एकाएकी गेली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. तिथे वाती चालत नाहीत.

दुसरी चिठ्ठी! आभाराचे गृहस्थ हार घेऊन उभेच राहिलेत. हार कुणी ओवला ते आधी सांगा. साठीपुढचे हात असतील तरच घालून घेतो. (हशा)