जुनी मालमोटार रोजच्या कामाला लावताना

श्रोतेहो, गावात एखाद्या कडुनिंबाच्या झाडाखाली चार-पाच वर्षे उभी राहिलेली मालमोटार तुम्ही पाहिली असेल. टायर बसलेले, हौद्यात पालापाचोळा, टपावर कोंबड्या. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "इंजिन चांगलं आहे हो, जरा खर्च केला की रस्त्यावर येईल." हा जरासा खर्च कशावर करावा आणि कशावर करू नये, एवढ्याच गोष्टीसंबंधी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

माझे सारे आयुष्य गाड्यांखाली पडून गेले. चांदवडच्या बाजूला माझे लहानसे गॅरेज होते. माझ्या थोरल्या भावाची १९८७ सालची १२१० गाडी अशीच झाडाखाली उभी होती. तो गेल्यावर तिला कोणी हात लावला नव्हता. गेल्या पावसाळ्यानंतर पुतण्या माझ्याकडे आला. हातात तीन लाख रुपये होते, उन्हाळ कांद्याचे. म्हणाला, "काका, बाबांची गाडी मला रोज चालवायची आहे. आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मळ्यातला कांदा लासलगावला न्यायचा, येताना खत, पेंड आणायची." पोराने कागदावर यादीच करून आणली होती: मोठे टर्बो इंजिन, वेगाचा क्राउन, नवा रंग, पुढे लोखंडी जाड गार्ड, टपावर दिव्यांची माळ आणि प्रेशर हॉर्न. ब्रेकचे नाव त्या यादीत नव्हते.

मंडळी, या यादीला हसू नका. तरुणपणी माझीही यादी अशीच असती.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो गाडीबद्दल नव्हे, रस्त्याबद्दल. रोज जाणार कुठे? तर लासलगाव. रस्ता सपाट, वेळ लागतो तो बाजार समितीच्या दारात, ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी मागे-पुढे घेण्यात. महिन्यातून एक-दोनदा मालेगाव. त्या वाटेवर राहूडचा घाट. ओझे किती? १२१० या आकड्याचा ढोबळ अर्थ असा की पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीचे एकूण वजन टनांत दाखवतात आणि पुढचे दोन अश्वशक्तीची दहके. म्हणजे एकूण वजन १२ टनांच्या घरात, त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा गेले की माल सात टनांच्या आसपास. येताना गाडी बहुधा अर्धी रिकामी. आता तुम्हीच सांगा, या कामात मोठ्या इंजिनाचे काय अडले आहे? फाटकाशी उभ्या राहणाऱ्या गाडीला वेग कशाला?

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तुम्हीही आधी आठ दिवसांचा रस्ता वहीत लिहून काढा. किती किलोमीटर भरलेले, किती रिकामे, चढ कुठे, उतार कुठे, वळायला जागा कुठे नाही. गाडीत काय बदलावयाचे ते त्या वहीतच सापडते.

आता क्राउन-पिनियनचे पाहू, कारण इथे फसगत फार होते. मागच्या आसात एक लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. समजा, मोठ्याला ४१ दाते आणि लहानाला ६. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा पावणेसात वेळांहून थोडा अधिक फिरतो तेव्हा गाडीचे चाक एकदा फिरते. लहानाला ६ च्या जागी ७ दाते असलेली जोडी बसवली, तर हेच प्रमाण सहाच्याही खाली येते. तेवढ्याच इंजिनाच्या फेऱ्यांत गाडी सुमारे सहाव्या हिश्शाने अधिक पळते. मालक खूश! पण हा फायदा फुकट मिळत नाही. चढावर ओढ तेवढीच कमी होते. आणि उतारावर, त्याच गिअरमध्ये, इंजिनाने गाडीला मागे धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. मग ते सगळे ओझे ब्रेकवर पडते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९६ साली एका गिऱ्हाइकाला असा वेगाचा क्राउन मी माझ्या हाताने बसवून दिला. चाके उघडली तेव्हा लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले आणि ड्रम खाल्लेले मला दिसले होते. मी ते त्याला सांगितलेही. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात करू." मी "बरं" म्हटले आणि पैसे घेतले. तिसऱ्या आठवड्यात राहूडच्या उतारावर ब्रेक तापून लागेनासे झाले. ड्रायव्हर शहाणा, त्याने गाडी कडेच्या खडीच्या ढिगावर चढवली. जीव वाचला, डावा पाय मोडला. तो मनुष्य पुढे पुष्कळ वर्षे मला बाजारात भेटे, लंगडत येई आणि रामराम करी. मला एका शब्दानेही कधी बोलला नाही. त्याचे न बोलणे मला अधिक लागे.

म्हणून पुतण्याच्या कागदावर मी सर्वांच्या वर ब्रेक लिहिला.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा. मुलांना गणितही येईल आणि रस्त्याचे भानही. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर बैल आडवा आला हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. ११ मीटर तिथेच संपले. ब्रेक चांगले आहेत आणि दर सेकंदाला वेग ताशी १४ किलोमीटरांहून किंचित अधिक उतरतो असे समजले, तर थांबायला आणखी १५ मीटर लागतात. एकूण २६. आता वेग ६० करा. पहिल्या सेकंदाचे १७ मीटर आणि पुढे ३५; एकूण ५२. वेग दीडपट केला आणि अंतर दुप्पट झाले! कारण वेग वाढतो तसे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. आणि हा चांगल्या ब्रेकचा, कोरड्या सपाट रस्त्याचा हिशेब आहे, बरं का. उतार, ओली सडक, झिजलेले लायनर यांचा भार त्यात धरलेला नाही.

अशा जुन्या कित्येक गाड्यांत तेलाचे ब्रेक हवेच्या मदतीने चालतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत त्यांचे रबर आधी जाते. तेव्हा सिलिंडरची रबरे, तेलाच्या नळ्या, लायनर सारे नवे घालावे. ड्रम मापून पाहावा, मर्यादेपलीकडे गेला असेल तर खराद मारण्याच्या भरीस न पडता बदलावा. हवेची टाकी भरून इंजिन बंद करा आणि घड्याळाचा काटा उतरतो का ते पाहा. उतरत असेल तर गळती शोधा. टाकीत साचलेले पाणी रोज सकाळी सोडा. आणखी एक. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आमच्या पिढीने ती पुष्कळ फुंकली. आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग अजून आहेत. त्यात कोणी इंजिनही बंद करतो. इंजिन थांबले की हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला ठेवावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

दुसरा खर्च टायरांचा. सहा चाके आणि एक जादा. लाखाच्या वर तिथेच गेले. उभ्या गाडीचे टायर वरून भरलेले दिसले तरी बाजूने तडकतात. एकाच आसावर रेडियल आणि साधे नायलॉन अशी सरमिसळ करू नये. आणि जुन्या डिस्कची लोखंडी रिंग! हवा पूर्ण सोडल्यावाचून ती उघडू नका. भरताना समोर उभे राहू नका. ती रिंग उडाली तर मनुष्य जागच्या जागी जातो.

पुतण्याच्या यादीत नसलेली आणि मी हौसेने घातलेली गोष्ट म्हणजे पॉवर स्टिअरिंग. तुम्ही म्हणाल, काका पोराला चैन शिकवतात. पण दिवसातून वीस वेळा भरली गाडी जागच्या जागी वळवावयाची, तर खांदे भरून येतात, आणि दमलेला मनुष्य चुकतो. मात्र त्याच जातीच्या गाडीचा पूर्ण संच मिळाला तरच घ्यावा: बॉक्स, पंप, नळ्या, आर्म, सगळे. इकडचे तिकडे जोडून वेल्डिंग करणारा कारागीर भेटला तर त्याला दुरून नमस्कार करावा. स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग करू नये ते नाहीच. त्याआधी किंगपिन आणि टायरॉडची ढिलाई काढली. ती काढल्यावर निम्मा जडपणा असाच गेला.

बैठकीचेही तसेच. भावाने वीस वर्षे फळीवर गोधडी टाकून गाडी चालवली आणि पुढची दहा कंबर धरून काढली. आता मागेपुढे सरकणारी, पाठीला टेकण असलेली बैठक बसवली आहे. पायाखाली उष्णता अडवणारा जाड थर घातला आणि डावीकडे मोठा आरसा लावला. सरकारने आता नव्या बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले आहे. आपल्या जुन्या गाडीला ते लागू नाही, पण ड्रायव्हरचा घाम ही मोजण्याची गोष्ट आहे एवढे तरी मान्य झाले.

इंजिनाचे काय केले? तेच ठेवले. काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर, नोजल आणि पंप पाहावा; निळा असेल तर ऑइल जळते आहे; पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जाते का, की डिझेल न जळता बाहेर येते, ते शोधावे. आमच्या गाडीला निळा होता. लायनर-पिस्टनचे काम निघाले. मोठे इंजिन घातले असते तर क्लच, गिअरबॉक्स, आस, सगळ्यांवर त्यांच्या शक्तीबाहेरचा ताण आला असता. शिवाय कायदाही आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या पुस्तकातला, कंपनीने दिलेला तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही. इंजिन बदलावयाचे तरी परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. पुढचे लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ पासून बेकायदा ठरले आहेत. तेव्हा कारागिराकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारा. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की पासिंग दरवर्षी असते, आणि फार जुन्या गाड्यांचे शुल्क अलीकडे वाढले आहे. तोही आकडा आधी विचारून वहीत लिहा. हिशेब जुळत नसेल तर गाडी रीतसर भंगारात देणे यात कमीपणा नाही. आम्हीही तो आकडा मांडून पाहिला होता, आणि एक संध्याकाळभर घरात कोणी बोलत नव्हते.

दिव्यांची माळ गेली. तिच्या ऐवजी जुनी तडकलेली वायरिंग काढून नवी घातली, फ्यूज लावले, मागे-बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि फाळक्याचे गंजलेले कडी-कोयंडे बदलले. प्रेशर हॉर्नवरून पुतण्या दोन दिवस रुसला होता. असो.

घाटात पहिल्यांदा भरलेली गाडी नेली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. खडीचा तो ढीग होता ती जागा आली. पोराने आधीच गिअर खाली घेतला होता. मी काही बोललो नाही.

आता पुढच्या महिन्यात पासिंग आहे. रंगाचे तेवढे राहिले आहे. पुतण्याला निळा हवा. त्याची आई म्हणते, होता तोच नारिंगी द्या. मी म्हटले, निळा दिला तर पुस्तकात रंगाची नोंद बदलावी लागेल, चकरा पडतील. तेवढ्यावर वहिनी उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या.