बेदरची गादी आणि सरदारांचे किल्ले

ज्या श्रोत्यांनीं कंधारचा किल्ला पाहिला असेल त्यांना त्याच्या भोंवतालचा पाण्याचा खंदक आठवत असेल. औसा आणि उदगीर येथील कोटांनाहि असेच खंदक आहेत. माहूरचा किल्ला डोंगरावर असल्यामुळें त्याची राखण निसर्गानेंच केली आहे. आज नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत विभागलेले हे चार किल्ले पाहून प्रवासी सहज म्हणतो कीं, परचक्रापासून मुलुखाचा बचाव व्हावा म्हणून ते बांधले गेले. तें अर्धेंच खरें आहे. तट आणि खंदक आंतल्या माणसाचें रक्षण करतात, मग तो माणूस राजाशीं इमानी असो वा नसो. पंधराव्या शतकांत बेदरच्या बहामनी सुलतानांना शत्रूच्या फौजेइतकीच धास्ती स्वतःच्या राज्यांतील किल्ल्यांची वाटत असे; आणि ही धास्ती दूर करण्यासाठीं महमूद गावान या प्रधानानें जो उद्योग केला, तो दक्षिणेच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण आहे.

बहामनी राज्याचा जन्मच मुळीं बंडांतून झाला होता. महंमद तुघलखाच्या दक्षिणेंतील अंमलदारांनीं दौलताबादेस दिल्लीची सत्ता झुगारली आणि १३४७ सालीं आपल्यांतीलच एकाला तख्तावर बसविलें. दूरच्या सुभ्यांतील सरदार एक झाले म्हणजे काय करूं शकतात, हें या घराण्याला दुसऱ्या कोणीं शिकविण्याची जरूर नव्हती. तरीहि दुसऱ्या सुलतानानें, पहिल्या महंमदशहानें, राज्याचे चार मोठे भाग केले व प्रत्येकावर एक तरफदार नेमला. वसूल त्यानें गोळा करावा, फौज त्यानें ठेवावी, किल्लेदारहि त्यानेंच नेमावे अशी ती व्यवस्था होती. राज्य लहान होतें व सुलतान स्वतः घोड्यावर बसून फिरत होता, तोंवर हें चाललें. पण शंभर वर्षांत राज्य वाढलें, राजधानी गुलबर्ग्याहून बेदरास आली, आणि तरफदार हे आपापल्या प्रांतांत छोटे राजेच होऊन बसले.

त्याचें प्रत्यंतर माहुरानेंच दाखविलें. १४५६ च्या सुमारास तेलंगणांतील जलालखान व त्याचा मुलगा सिकंदरखान यांनीं बंड केलें. सिकंदरखानानें माळव्याच्या महमूद खिलजीला कळविलें कीं बेदरचा सुलतान मरण पावला आहे, आतां चालून येण्यास हीच संधि आहे. खिलजी फौज घेऊन माहुराच्या रोखानें निघाला. सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा आजारी होता, मेला नव्हता. तो स्वतः माहुराकडे येत आहे असें दिसतांच खिलजी माघारा फिरला. प्रसंग टळला खरा; परंतु राजा जिवंत आहे कीं नाहीं, एवढ्या एका बातमीवर सरहद्दीचा सारा प्रांत लटकलेला आहे, ही गोष्ट उघडी पडली. जलालखानावर त्या वेळीं जो सेनापति धाडण्यांत आला तो म्हणजे इराणांतील गिलान प्रांतांतून व्यापारासाठीं दाभोळ बंदरीं उतरलेला आणि तीनच वर्षांपूर्वीं बेदरास आलेला महमूद गावान.

पुढें १४६६ सालीं हाच गावान मुख्य प्रधान झाला. तिसरा महंमदशहा तेव्हां कोवळ्या वयाचा होता. गावानाच्या कारकीर्दींत १४७२ सालीं गोवें हातीं आलें, पूर्वेकडे राजमहेंद्रीपर्यंत अंमल बसला, आणि बहामनी राज्य दोन समुद्रांना भिडलें. विजयाच्या या वेळींच त्यानें घरच्या दुखण्याला हात घातला, यांत त्याची दूरदृष्टि दिसते. पुष्कळ राज्यकर्ते पराभवानंतर जागे होतात.

त्यानें चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. दौलताबादेपासून जुन्नर, गुलबर्ग्यापासून विजापूर आणि तेलंगणांत वरंगळापासून राजमहेंद्री वेगळी काढली. म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें एका प्रांताचें ठाणें बनलें. परंतु नुसते तुकडे करून काय होणार? खरा घाव पुढेंच होता. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यांत एकच किल्ला ठेवावा, बाकी सर्व किल्ल्यांवर सुलतानानें आपले किल्लेदार नेमावे व त्यांचा पगार सरकारी खजिन्यांतून द्यावा, असा हुकूम झाला. शिवाय प्रत्येक प्रांतांतील कांहीं परगणे तोडून खालसा केले. त्यांचा वसूल थेट बेदरास येऊं लागला. जमिनीची मोजणी व गांवांच्या शिवा ठरविण्याचें कामहि सुरू झालें.

फौजेची व्यवस्था तर वाचण्यासारखी आहे. पूर्वीं पांचशें स्वार बाळगणाऱ्या सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत. गावानानें ते सव्वा लाख केले. जहागीर दिली असेल व तिचें उत्पन्न कमी पडलें तर तूट खजिन्यांतून भरून मिळे. मात्र ठरल्याहून एक स्वार जरी कमी आढळला तरी त्याची रक्कम वसूल होई. हजेरीच्या दिवशीं भाड्यानें घोडीं आणून उभीं करणारे सरदार कोणत्याहि काळांत कमी नसतात. त्यांना वाढलेला पगार गोड लागला असेल, पण मोजदाद कडू लागली. याच वर्षांत बेदरास राहून गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन यानें लिहून ठेवलें आहे कीं, येथील रयत हलाखींत आहे आणि सरदार ऐषआरामांत. कर देणारा आणि कर खाणारा यांमध्यें राजा कोठें दिसत नव्हता. त्याला तेथें उभा करणें हाच या सुधारणांचा हेतु.

अशी अडचण एकट्या दक्षिणेची नव्हती. इंग्लंडांत स्टीफन राजाच्या दुबळ्या कारकीर्दींत सरदारांनीं मन मानेल तेथें गढ्या उठविल्या होत्या. ११५४ सालीं गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीनें प्रथम परवानगीवांचून बांधलेल्या गढ्या पाडविल्या, लष्करी चाकरीच्या ऐवजीं पैसा घेऊन पगारी सैन्य उभें केलें, आणि राजाचे न्यायाधीश गांवोगांव फिरविले. त्याच्याहि हातून, किंवा त्याच्या रागाच्या शब्दांमुळें म्हणा, ११७० सालीं टॉमस बेकेट या धर्माधिकाऱ्याचा खून झाला. ११७३ त सरदारांनीं त्याच्या मुलांना पुढें करून बंड उभारलें. तरी हेन्रीची व्यवस्था टिकली. एक तर तो स्वतः राजा होता. दुसरें असें कीं, फिरत्या न्यायाधीशामुळें साध्या स्वतंत्र माणसालाहि सरदाराच्या कचेरीबाहेर दाद मागतां येऊं लागली. राजाचें बळ वाढण्यांत आपलाहि फायदा आहे असें समजणारा एक वर्ग त्यामुळें तयार झाला. गावानाच्या पाठीशीं असा वर्ग नव्हता. त्याच्या पाठीशीं एक तरुण सुलतान होता, आणि तो मद्यपी होता.

दरबारांत दक्षिणी आणि परदेशी अशा दोन फळ्या होत्या. गावानानें प्रांत वांटतांना दोन्ही पक्षांचा तोल राखला. माहूर खुदावंदखान हबशाला आणि गाविलगड फत्तेउल्ला इमादुल्मुल्काला दिला. दोघेहि दक्षिणी पक्षाचे. तरीहि त्याचा घात झाला. मलिक हसन निजामुल्मुल्क आणि त्याच्या साथीदारांनीं गावानाचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि ओरिसाच्या राजाला स्वारीचें आमंत्रण देणारें पत्र त्यावर लिहिलें. सुलतानाचा मुक्काम तेव्हां कोंडपल्लीस होता. बोलावणें आलें तेव्हां गुजरातेंत निघून जाण्याचा सल्ला गावानाला मिळाला होता, पण तो गेला नाहीं. शिक्का माझा आहे, पत्र माझें नाहीं, एवढेंच त्यानें सांगितलें. ५ एप्रिल १४८१ रोजीं सुलतानाच्या हुकुमानें त्या सत्तरी गांठलेल्या प्रधानाचा वध झाला.

यानंतरची गोष्ट माहुराच्या खुदावंदखानाची आहे. तो आणि इमादुल्मुल्क आपापल्या फौजा घेऊन सुलतानाच्या छावणीपासून दूर जाऊन उतरले. कारण विचारतां त्यांनीं उत्तर धाडलें कीं, अशा प्रधानाचा खोट्या आरोपावरून जीव जातो, तेथें आमची शाश्वति काय? छावणी हलली तरी ते अंतर राखूनच चालले व दुरूनच मुजरा करीत राहिले. विरुद्ध पक्षाच्या माणसांनींहि गावानाला सोडून सुलतानालाच दोषी ठरविलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. राजसत्ता बळकट करणारें हत्यार सुलतानानें आपल्याच हातानें मोडलें होतें. सत्य कळल्यावर त्याला पश्चात्ताप झाला; १४८२ च्या मार्चमध्यें तो वारला. गादीवर आला तो बारा वर्षांचा मुलगा.

मग गावानानें आंखलेल्या तरफांतूनच नवीं राज्यें उभीं राहिलीं. गाविलगडची इमादशाही, विजापूरची आदिलशाही, जुन्नराहून निघालेली निजामशाही. माहूर पुढें वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेलें. खुद्द बेदरांत कासीम बरीदानें सुलतानाला नजरकैदेंत ठेवल्यासारखें केलें. कंधार, उदगीर आणि औसा हे किल्ले त्याच्या हातीं आले. ज्या किल्लेदारांनीं राजाचे म्हणून राहावें असें गावानानें योजिलें होतें, ते जो जवळ असेल त्याचे झाले. दीडशें वर्षांनंतर, १६३६ सालीं, शहाजहानचा सरदार खानदौरान उदगीर आणि औसा घेण्यास आला तेव्हां निजामशाही बुडाली होती. पण उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह किल्ला लढवीतच होता. कोणत्या राजासाठीं, हें सांगणें कठीण आहे. शेवटीं त्यानें किल्ला खालीं करून दिला आणि मोगलांची मनसब पत्करली.