चारशें चौतीस गोल

एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें नभोवाणीवरून फुटबॉलविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मास्तरास आंकड्यांचा नाद असतो, आणि मला या विषयाकडे ओढणारा आंकडा आहे ४३४. इंग्लंडच्या लीग सामन्यांत आर्थर रोली या एकट्या खेळाडूनें केलेले हे गोल. हा उच्चांक अद्यापि अबाधित आहे. मात्र इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघांत त्याचें नांव शोधूं जाल, तर सांपडेल तें त्याचा थोरला भाऊ जॅक याचें.

आर्थरचा जन्म १९२६ चा, वुल्व्हरहॅम्प्टनचा. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून त्याचे अवघे चार गोल झाले. पुढें फुलहॅम, आणि १९५० पासून लेस्टर सिटी. येथें ३०३ सामन्यांत २५१ गोल! देह दणकट, डाव्या पायाचा फटका असा कीं लोक त्यास 'गोलंदाज' म्हणत. (येथें क्रिकेट आठवूं नये, तोफखान्यांतला जुना अर्थ घ्यावा.)

१९५८ सालीं, बत्तिसाव्या वर्षीं, तो श्रूजबरी टाउन या लहानशा क्लबांत खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी नात्यानें गेला. त्याच वर्षीं लीगचा चौथा विभाग नव्यानें सुरू झाला होता. पहिल्याच हंगामांत त्यानें ३८ गोल केले व क्लब वरच्या विभागांत चढला. मैदान सेव्हर्न नदीला लागून. चेंडू भिंतीपलीकडे गेला कीं थेट पाण्यांत; तो आणावयास टोपलीसारख्या गोल होडींतून एक माणूस जाई. एप्रिल १९६१ मध्यें ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध खेळतांना रोलीनें डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा उच्चांक मागें टाकला.

खालच्या विभागांतले गोल स्वस्त, असें म्हणणारे आहेत. त्यांनीं हिशेब तपासावा. श्रूजबरीचे १५२ वजा केले तरी २८२ उरतात, आणि ते सारे वरच्या दोन विभागांतले. शिवाय ते १५२ तरी स्वस्त कां मानावे? चौथीचा वर्ग शिकविणें सोपें, असें म्हणणारा त्या वर्गापुढें कधीं उभा राहिलेला नसतो. संघ निवडणें, पोरांना शिकविणें, आणि शनिवारीं स्वतः चिखलांत उतरून गोल करणें, हें सारें रोली एकटा करी.

१९६५ सालीं त्यानें खेळणें थांबविलें. २००२ सालीं तो वारला. २००७ सालीं क्लबानें तें जुनें मैदान सोडलें. नवें मैदान नदीकांठीं नाहीं, त्यामुळें होडीचें कामही उरलें नाहीं.