भाताचें तूस आणि पिण्याचें पाणी

पाणी फडक्यानें गाळून घ्यावें, ही शिकवण आपल्या घरांत फार जुनी आहे आणि ती व्यर्थ नाहीं. नारूचा रोग पसरविणारा पाण्यांतला बारीक किडा दुपदरी फडक्यांत अडकतो. सुधारलेल्या विहिरी आणि घरोघरचें गाळणें यांच्या बळावर तो रोग आपल्या देशांतून हटला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. परंतु विषमज्वराचे किंवा हगवणीचे जंतु त्या किड्याहून शेंकडों पटींनीं लहान असतात. फडक्याच्या विणींतून ते सहज पार होतात. पाणी उकळणें हा उपाय उत्तम खरा. पण ज्या घरीं सरपण विकत घ्यावें लागतें, तेथें रोजचें सारें पाणी कोण उकळणार? अशा घराच्या उपयोगी पडेल आणि कुंभाराच्या हातून होऊं शकेल, अशा एका गाळणीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मातीचें भाजलेलें भांडें मुळांतच सच्छिद्र असतें. माठांतील पाणी थंड होतें, तें याच गुणामुळें. पण माठाचा पाझर इतका मंद असतो कीं, त्यावर घराची तहान भागावयाची नाहीं. पाझर वाढवावयाचा, पण जंतूंना वाट द्यावयाची नाहीं, हें खरें कोडें होय. आणि त्याचें उत्तर भाताच्या तुसांत सांपडलें आहे.

तूस दळून बारीक चाळणीनें चाळतात. वाळवून कुटलेल्या मातींत तें मिसळतात. वजनानें तीन भाग मातीस सुमारें एक भाग तूस. मग पाणी घालून मळतात आणि साच्यांत दाबून कुंडीच्या आकाराचें भांडें करतात. तें पुरतें वाळलें, म्हणजे ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजतात. त्या आंचेंत तूस जळून जातें आणि जेथें जेथें त्याचा कण होता, तेथें तेथें पोकळी राहते. मातीच्या अतिसूक्ष्म छिद्रांनीं या पोकळ्या एकमेकींस जोडल्या जातात. पोकळ्यांमुळें पाणी वाहतें आणि छिद्रांमुळें जंतु अडतात. भाजलेल्या भांड्यास बहुधा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा द्राव लावतात. चांदी जंतूंस मारक आहे. असें भांडें तोटीच्या बादलींत बसवून वर झांकण ठेवलें, कीं गाळणी तयार झाली.

हा घाट १९८१ सालीं मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत फर्नांडो मासारिएगोस या रसायनशास्त्रज्ञानें बसविला. १९९८ सालीं मिच नांवाच्या चक्रीवादळानें निकाराग्वा देशाची दैना केली, तेव्हां 'पॉटर्स फॉर पीस' या कुंभारांच्या संस्थेनें तेथें अशा गाळण्या करविल्या. तेथून ही विद्या देशोदेशीं गेली. जेथें लाकडाचा भुसा मिळतो, तेथें भुसा घालतात. कंबोडियासारख्या भातप्रधान देशांत तूस वापरतात. आपल्याकडेही भुवनेश्वरच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनें लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा यांपासून 'टेराफिल' नांवाची गाळण-चकती तयार केली.

हें ऐकून कोणास वाटेल, माती फुकट, तूस फुकट, मग काम सोपें! पण सारी मेख चाळणींत आणि परीक्षेंत आहे. तुसाचे कण जाडे राहिले किंवा भाजतांना सूक्ष्म भेग पडली, तर जंतूंना राजमार्ग मिळतो, आणि वरून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. म्हणून प्रत्येक भांडें भिजवून, पाण्यानें भरून, तासाभरांत किती पाणी उतरतें तें मोजावें लागतें. साधारणपणें दीड ते तीन लिटर पाणी योग्य समजतात. त्याहून फार वेगानें पाणी सोडणारें भांडें फोडून टाकतात. ग्राहकास मात्र वेगानें गाळणारेंच अधिक चांगलें वाटतें! स्वस्ताईच्या लोभानें ही परीक्षा टाळली, तर आपण गरिबाला गाळणी देत नाहीं, खोटा विश्वास देतों. आणि त्या विश्वासावर तो जें पाणी लेंकरांस पाजतो, तें पूर्वीच्याच पाण्याइतकें घातक असतें.

कंबोडियांत या गाळण्यांचा पुरता अभ्यास झाला आहे. ज्या घरीं गाळणी होती, तेथें अतिसाराचें प्रमाण शेंकडा ४६ नीं कमी आढळलें. पण त्याच अभ्यासांत असेंही दिसलें कीं, दर महिन्यास शंभरांपैकीं सुमारें दोन गाळण्या वापरांतून जातात, आणि त्याचें मुख्य कारण म्हणजे भांडें फुटणें. फुटलेल्या भांड्याच्या जागीं दुसरें गांवाजवळच मिळालें नाहीं, तर बादली धान्य ठेवण्याच्या कामीं लागते आणि घर पुन्हां जुन्या पाण्यावर येतें.

गाळणीच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. विषाणु जंतूंहून लहान असल्यानें ते तितकेसे अडत नाहींत. पाण्यांत विरघळलेला क्षार किंवा फ्लोराइड तिच्यानें निघत नाहीं. विदर्भांतील ज्या गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे, तेथें निराळाच उपाय पाहिजे. पाझर मंदावला, म्हणजे भांडें आंतून मऊ ब्रशानें व स्वच्छ पाण्यानें घासावें. त्यास साबण लावूं नये. बादली मात्र साबणानें धुवावी, आणि भांड्याच्या बाहेरच्या अंगास मळका हात लावूं नये.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं पाणी शुद्ध करण्याचें यंत्र असेल. पण एखाद्या गांवास अशा गाळण्या देण्यासाठीं वर्गणी मागावयास कोणी आलें, तर वर्गणी अवश्य द्यावी. मात्र आधीं दोन प्रश्न विचारावे. परीक्षेंत नापास झालेलीं किती भांडीं तुम्हीं फोडलीं? आणि दिलेलें भांडें फुटल्यावर त्या घरास दुसरें कोठें मिळेल? पहिल्या प्रश्नास 'एकही नाहीं' असें उत्तर आलें, तर तें अभिमानाचें समजूं नये. आणि दुसऱ्यास उत्तरच नसेल, तर आधीं त्या गांवच्या कुंभारास ही विद्या शिकविण्यासाठीं पैसे द्यावे. गाळणीची खरी स्वस्ताई पहिल्या भांड्याच्या किंमतींत नसून दुसरें भांडें वेळेवर मिळण्यांत आहे.