द्रवस्फटिक आणि सोलापूरचा उन्हाळा



साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर पोलरॉइड गॉगल धरून सावकाश फिरवा. एका कोनाला आकडे ठळक दिसतील, दुसऱ्या कोनाला सगळा पडदाच काळा होईल. पडद्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाची कंपनं एकाच दिशेची असतात, म्हणून हे घडतं. आत त्या दिशेला वळण देणारा पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. सुमारे १४५ अंशांना गढूळ द्रव झाला, १७८ अंशांना नितळ. ही गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. तिच्यातले रेणू पाण्यासारखे वाहतात, पण तोंडं साधारण एकाच दिशेला ठेवून.

ही दिशा विजेनं बदलता येते. आतून पारदर्शक वाहक थर दिलेल्या दोन काचा घ्यायच्या, मधल्या काही मायक्रॉनच्या फटीत द्रवस्फटिक भरायचा. दोन बाजूंना आडवे-उभे पोलरॉइड लावून लेसर सोडायचा. व्होल्टेज हळूहळू वाढवलं, तर आधी काहीच होत नाही. एक व्होल्टच्या आसपास रेणू कलू लागतात आणि पलीकडचा उजेड वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो. या चढउतारांवरून पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म काढता येतात. वीज मात्र एसीच हवी. डीसीनं आयन काचांजवळ साचतात.

आता आपल्या गावाचं. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा ‘फाइव्ह सीबी’ हा द्रवस्फटिक ३५ अंशांच्या पुढे साधा द्रव होतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उघड्या खोलीत कितीही व्होल्ट द्या, हा खेळ दिसायचा नाही. म्हणून कारखानदार अनेक द्रवस्फटिकांचं मिश्रण करून ही मर्यादा वर नेतात. तरीही उन्हात बंद गाडीत राहिलेल्या कॅल्क्युलेटरचा पडदा काळा पडू शकतो. बहुधा निवला की पूर्ववत होतो.

या शास्त्रात भारताचं नाव मोठं केलं ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी. ते नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. पुढे १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक बनवतात.

आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: दोन काचांचा तो प्रयोग जरूर करा, आणि वहीत व्होल्टच्या रकान्याशेजारी तापमानाचाही रकाना आखा. सोलापुरात त्यावाचून निष्कर्षाला अर्थ नाही.