गोवळकोंड्याची फौज, संगमेश्वरची वाट

हैदराबादच्या बेगम बाजारात भांडी, मसाले, सुका मेवा घ्यायला आपण नेहमी जातो. मुसी नदीच्या काठावरच्या या पेठेच्या पश्चिमेला, काही किलोमीटरवर, गोवळकोंड्याचा किल्ला आहे. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका अतिशय दुःखद घटनेचा धागा तिथवर पोचतो.

सप्टेंबर 1687 मध्ये मोगल बादशहा औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि कुतुबशाही संपली. शेख निजाम हा कुतुबशाहीचा नावाजलेला सरदार वेढा चालू असतानाच बादशहाला मिळाला होता. त्याला मुकर्रबखान हा किताब मिळाला. बादशहाने त्याला त्याच्या फौजेसह पन्हाळ्याच्या बाजूला, मराठ्यांवर पाठवले.

छत्रपती संभाजी महाराज स्वतंत्र राजे होते. मोगल दरबार मात्र त्यांना बंडखोरच मानत होता, कारण शिवाजी महाराजांनी मोगलांशी केलेल्या पुरंदरच्या तहानंतर त्यांच्या नावे मोगली मनसब होती. उत्तरेतून आलेल्या सैन्याला सह्याद्री वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. मुकर्रबखान मात्र दख्खनमध्येच मुरलेला. शिवाय नव्या धन्याला निष्ठा दाखवण्याची त्याला घाई असणार, असे मला वाटते. फेब्रुवारी 1689 मध्ये निवडक स्वार घेऊन तो कोल्हापूरकडून घाट उतरला आणि संगमेश्वरला अचानक थडकला. महाराज आणि त्यांचे सल्लागार कवी कलश कैद झाले. 11 मार्चला महाराजांची अमानुष हत्या झाली.

मुकर्रबखानाला बढती मिळाली. मराठे मात्र संभाजी महाराजांचे धाकटे बंधू राजाराम महाराज यांना घेऊन जिंजीकडे निघाले आणि लढाई पुढे अठरा वर्षे, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, चालूच राहिली.