गणित-शिक्षकाची एम.ए. कोणासाठी?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा माणूस. गणित-अध्यापनाच्या शास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु शिक्षकाने आणखी दोन वर्षे शिकावे काय, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडावे, हे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत.

प्रथम, अशा पदवीत शिकवायचे काय? पावणेदोनला अर्ध्याने भागले तर साडेतीन येतात, हे आपण पाठांतराने सांगू. परंतु या भागाकाराचे शाब्दिक उदाहरण मुलांना द्या म्हटले की पंचाईत होते. लीपिंग मा या विदुषीने हाच प्रश्न अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला; १९९९ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकनांपैकी बरोबर उदाहरण एकालाच रचता आले, चिन्यांपैकी ६५ जणांना. पावणेदोन मीटर कापडाचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे किती, एवढीच ती गोष्ट! आणि औपचारिक शिक्षणाची वर्षे मोजली तर अमेरिकन शिक्षकच पुढे होते. चिनी शिक्षक सहकाऱ्यांबरोबर बसून पाठ्यपुस्तकाचा कीस पाडीत. पदवी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. शाळेतल्याच गणितात खोल उतरणारी पदवी हवी, असा आहे.

आपल्याकडील उदाहरण घ्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचन आले आणि गदारोळ उठला. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना थट्टाही सोसावी लागली. बोलले सगळे. पण ‘तेवीस’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि लिहिताना आधी दोन लिहावे लागतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येऊन लिहायचे मात्र २९. मूल नेमके कोठे अडखळते, हे दुसरीच्या बाई रोज पाहतात. त्यांच्या या निरीक्षणाला प्रबंधाचा मान मिळत नाही, आणि ज्यांना प्रबंध लिहिण्याची सवड आहे ते त्या वर्गात नसतात.

एम.एड. आहेच की, असे कोणी म्हणेल. २०१५ पासून ती दोन वर्षांची झाली. परंतु तिचा हेतूच शिक्षकांचे शिक्षक घडविण्याचा. म्हणजे शिकलेला माणूस शाळेबाहेर पडणार. शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने दोन वर्षे बिनपगारी राहून, शुल्क भरून, शहरात खोली घ्यायची? ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे त्यांचीच ही चैन. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली मुंबईत प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केली, ती नोकरी सांभाळून करता यावी अशा आखणीने. वाट तीच होती, पण ती एका संस्थेने काढलेली पायवाट होती. फिनलंडमध्ये १९७९ पासून पहिलीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते, विद्यापीठ त्या देशाच्या नागरिकाकडून शिक्षणशुल्क घेत नाही आणि पदवीधर पहिलीच्याच वर्गात उभा राहतो.

खाजगी संस्थाचालकांवर हे सोपवू नये. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यातूनच न्या. वर्मा आयोग नेमला गेला, हे फार जुने नाही.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी शिक्षक संपावर गेले. मागणी न्याय्यच होती. तिच्याच शेजारी आणखी एक मागणी लिहा: गणित शिकविणाऱ्यांना भरपगारी अध्ययन-रजा, स्वतःच्या वर्गावरचा प्रबंध, आणि परत त्याच शाळेत वेतनवाढीसह नेमणूक. तिजोरीत पैसा नाही, असे उत्तर येईल. ते मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे.